विमान अपघात झाला की आपण काय करतो? (आणि विमानप्रवास खरंच किती सुरक्षित?)

सांजवारा

मोठा विमान अपघात झाला की पहिल्या काही तासांत काय काय होतं, ते आता आपल्या सगळ्यांना पाठ झालंय. आधी धुराच्या लोटाचा एक व्हिडिओ येतो. पाठोपाठ कुठल्यातरी जुन्या अपघाताचा व्हिडिओ नवा म्हणून फिरायला लागतो. वैमानिकाची चूक, इंजिनात बिघाड, पक्षी, घातपात, असे चारही निकाल संध्याकाळपर्यंत लागून गेलेले असतात.

१२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं ड्रीमलायनर टेकऑफनंतर लगेच कोसळलं तेव्हा हेच झालं. विमानातल्या २४२ पैकी २४१ जण गेले. खाली जमिनीवर असलेले १९ जण गेले, ज्यांचा त्या विमानाशी काहीही संबंध नव्हता. आणि चर्चा कशाची, तर वाचलेला एकमेव प्रवासी ११ए वर बसला होता, म्हणून ती सीट आपल्याला मिळेल का याची.

महिन्याभराने, १२ जुलैला प्राथमिक अहवाल आला. दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच साधारण एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले आणि एका वैमानिकाने दुसऱ्याला 'तू बंद का केलंस' असं विचारलं, तेव्हा दुसऱ्याने 'मी केलं नाही' असं उत्तर दिलं, एवढं त्यात होतं. ते का झालं हे त्यात नव्हतं. तरी त्या रात्री अनेक ठिकाणी एका मृत माणसावर खटला चालवून शिक्षासुद्धा देऊन झाली. मला ते फार लागलं.

तर दोन प्रश्न. एक, अशा वेळी आपण नेमकं काय करायला हवं? गप्प बसणं हा एकच सभ्य मार्ग आहे का? आणि दोन, अशा बातम्यांनंतर तुम्हाला विमानात बसायची भीती वाटते का? वाटत असेल तर तिचं काय करता?

निवांत

चांगला विषय. गेलेल्यांची नावंही कळलेली नसतात आणि लोक वैमानिकाचं वय आणि अनुभव शोधत बसतात. वाचतोय.

खिडकीशेजारी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. हो, वाटते, आणि भरपूर वाटते. पूर्वी विमान सुटायच्या आधीच मला झोप लागायची. आता प्रत्येक आवाजाला कान टवकारतात. सगळ्यात वाईट क्षण म्हणजे उड्डाणानंतर मिनिट-दोन मिनिटांनी येणारा. इंजिनांचा आवाज एकदम उतरतो आणि पोटात खड्डा पडतो, जणू विमान खाली चाललंय. आजूबाजूचे लोक निवांत पेपर वाचत असतात आणि मी सीटचा हात घट्ट धरून बसलेला असतो. इथे कोणी जाणकार असेल तर सांगा, तेव्हा नेमकं काय होतं?

पाना_पक्कड

@खिडकीशेजारी, मी विमानांच्या देखभालीत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो. टेकऑफला इंजिनांची जी ताकद वापरतात ती थोडा वेळच वापरायची असते. साधारण हजार-दीड हजार फुटांवर ती कमी करून चढाईच्या पातळीवर आणतात. त्याच सुमारास विमानाचं नाक थोडं खाली येतं, वेग वाढतो, मग पंखांचे फ्लॅप्स आत जातात. आवाज उतरला, चढ कमी झाला, की आपल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला वाटतं आपण पडतोय. प्रत्यक्षात विमान तेव्हाही वर चढतच असतं. फ्लॅप्स आत जातानाचा घरघर आवाज आणि त्याआधी चाकं आत गेल्याचा धप्प आवाज, हेही नेहमीचेच.

धक्क्यांबद्दलही लिहितो, कारण तो पुढचा प्रश्न असणार. पंख हलताना दिसतात ते हलायलाच हवेत. विमानाच्या उभ्या आयुष्यात जास्तीत जास्त जेवढा भार येऊ शकेल, त्याच्या दीडपट भार पंखांनी पेलून दाखवावा लागतो, त्याशिवाय परवानगी मिळत नाही. बोईंग ७७७ चा पंख १९९५ मध्ये मुद्दाम वाकवत वाकवत मोडला होता, तो १५४ टक्क्यांना मोडला. टर्ब्युलन्समध्ये खरा धोका पट्टा न लावलेल्या माणसाला असतो. मे २०२४ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानात जोरदार धक्के बसले, एक प्रवासी दगावला आणि बरेच जखमी झाले. विमान मात्र सुखरूप उतरलं. तेव्हा पट्ट्याचा दिवा विझला तरी पट्टा सैल का होईना, लावूनच ठेवा.

खिडकीशेजारी

मनापासून आभार. हे कोणी आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

शंकासुर

विमान मजबूत असतं, मान्य. पण ते बनवणारी आणि चालवणारी माणसं नफ्यासाठी काय काय करतात ते आपण बोईंगच्या ७३७ मॅक्स विमानांच्या वेळी पाहिलंय. ऑक्टोबर २०१८ मध्ये लायन एअरचं विमान पडलं, १८९ माणसं गेली. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, मार्च २०१९ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं पडलं, १५७ गेली. दोन्हीकडे एमकॅस नावाची यंत्रणा एकाच सेन्सरच्या चुकीच्या माहितीवर विश्वास ठेवून विमानाचं नाक पुन्हा पुन्हा खाली ढकलत होती. आणि लायन एअरच्या अपघातापर्यंत वैमानिकांच्या पुस्तिकेत त्या यंत्रणेचा उल्लेखही नव्हता!

'विमानप्रवास सगळ्यात सुरक्षित' हे वाक्य ऐकलं की म्हणून मला राग येतो. त्या ३४६ जणांनाही हेच सांगितलं गेलं असेल.

अक्षरवेल

@शंकासुर, राग समजतो. पण आकडे बाजूला ठेवून चालणार नाही. आयएटीए या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगभरात सुमारे ४ कोटी ६ लाख उड्डाणं झाली आणि त्यातल्या ७ उड्डाणांत जीवघेणे अपघात झाले. आणि २०२४ हे तुलनेने वाईट वर्ष होतं.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले अर्नोल्ड बार्नेट हा हिशेब कित्येक वर्षं मांडत आलेत. १९६८ ते ७७ या काळात विमानात चढणाऱ्या साधारण साडेतीन लाख प्रवाशांमागे एकाचा मृत्यू होत होता. २०१८ ते २२ मध्ये ते प्रमाण १ कोटी ३७ लाखांमागे एकावर आलं. मॅक्सचे दोन्ही अपघात त्यात धरूनच. दुसरीकडे रस्त्यांवर जगात दरवर्षी जवळजवळ १२ लाख माणसं मरतात, त्यातली १ लाख ६८ हजारांहून जास्त २०२२ मध्ये एकट्या भारतात गेली. त्यांच्यासाठी ब्रेकिंग न्यूज नाही.

शंकासुर

आकडे मलाही वाचता येतात. दोन गोष्टी लक्षात घ्या. विमानाचा धोका किलोमीटरमागे मोजला की अगदी नगण्य दिसतो, कारण विमान एका दमात हजारो किलोमीटर जातं. धोका मात्र मुख्यतः चढताना आणि उतरताना असतो, म्हणून तो फेरीमागे मोजायला हवा. तसा मोजला तरी विमान चांगलंच ठरतं, पण जाहिरातीत सांगतात तेवढी दरी राहत नाही. दुसरं, जगाची सरासरी म्हणजे माझ्या विमान कंपनीची सरासरी नव्हे. बार्नेट यांनीही देशांचे वेगवेगळे गट केलेत आणि त्यांच्यात मोठा फरक आहे.

अक्षरवेल

दोन्ही मुद्दे मान्य. म्हणूनच मी फेरीमागचा आकडा दिला, किलोमीटरचा नाही.

मनवा

भीतीबद्दल थोडं. जी गोष्ट डोळ्यांसमोर चटकन उभी राहते ती वारंवार घडते असं आपल्या मनाला वाटतं. त्वर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये हे मांडलं. आगीचा लोळ एकदा पाहिला की तो डोळ्यांपुढून जात नाही, मग लाखो सुखरूप उड्डाणांचं वजन त्याच्यापुढे पडत नाही. त्यात विमानात आपल्या हातात काहीच नसतं. गाडीत स्टिअरिंग हातात असतं आणि तेवढ्यावर आपण निर्धास्त असतो.

या भीतीची किंमतही माणसं मोजतात. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत बऱ्याच लोकांनी विमान सोडून मोटारीने लांबचे प्रवास केले. गेर्ड गिगरेन्झर या जर्मन अभ्यासकांनी काढलेल्या अंदाजानुसार त्यामुळे वर्षभरात रस्त्यांवर सुमारे दीड हजार माणसं जास्त मेली. म्हणजे त्या दिवशी चारही विमानांत मिळून जेवढे प्रवासी होते त्यांच्या कितीतरी पट. ही माणसं कुठल्याही स्मारकावर नाहीत.

रानवाट

मनवा, अक्षरवेल, तुमचं सगळं खरं असेल. पण अपघात झाल्याच्या दिवशी 'रस्त्यावर जास्त मरतात' असं लिहिणं मला क्रूर वाटतं. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय ते हे वाचत असतात. त्यांच्यासाठी शक्यता शंभर टक्के ठरलेली असते.

मनवा

बरोबर आहे तुमचं. हे आकडे घाबरलेल्या प्रवाशासाठी आहेत, शोकात असलेल्या घरासाठी नाहीत. वेळ आणि माणूस बघूनच बोलायला हवं.

आकाशगंगा

मी केबिन क्रूमध्ये होते. सांजवारांच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर वेगळं आहे: भीती वाटली तर तिला काम द्या.

टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी आम्ही त्या छोट्या घडीच्या सीटवर ताठ बसून, हात मांडीखाली घेऊन गप्प असतो, तेव्हा लोकांना वाटतं आम्ही दमलोय. तेव्हा आमची मनात उजळणी चाललेली असते. आत्ता काही झालं तर माझा दरवाजा कुठला, हँडल कुठल्या दिशेने फिरतं, बाहेर आग आहे का ते आधी खिडकीतून बघायचं, आरोळी काय द्यायची, जवळच्या रांगेत मदतीला धावेल असा धडधाकट माणूस कोण, चालता न येणारं कोण. दर उड्डाणाला, दर उतरण्याला.

तुम्हीही एक करा. बसलात की पुढच्या आणि मागच्या दरवाजापर्यंत किती सीटांच्या रांगा आहेत ते मोजून ठेवा. धुरात दिसत नाही, पण पाठी हाताने चाचपत मोजता येतात. जमिनीलगत जे दिवे असतात ते १९८०च्या दशकातल्या आगीच्या अपघातांनंतर आले. १९८५ मध्ये मँचेस्टरला विमान धावपट्टीवरच पेटलं, ५५ माणसं गेली, त्यातली बहुतेक धुराने. विमान जमिनीवर होतं, दरवाजे काही पावलांवर होते.

आणि बॅगा! हात जोडून सांगते, बॅगा सोडा. निम्मे दरवाजे बंद आहेत असं धरून ९० सेकंदांत सगळं विमान रिकामं करून दाखवल्याशिवाय त्या विमानाला मान्यता मिळत नाही. एअरबस ए३८० च्या चाचणीत ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर पडली, पण त्या चाचणीत कोणी वरच्या कप्प्यातून सामान काढत नव्हतं. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए३५० उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. छोट्या विमानातले पाच जण गेले, ए३५० जळून कोळसा झालं, आणि त्यातले सगळे ३७९ जण जिवंत बाहेर आले. त्यांनी सामान सोडलं होतं.

निवांत

आमची आत्या विमान टेकलं की मोठ्याने 'सुखी राहा रे बाळा' असा वैमानिकाला आशीर्वाद देते. त्याला ऐकू जात नाही हे तिला सांगून झालंय. तिचं म्हणणं, पोचतो.

खिडकीशेजारी

:) पोचत असणार.

नीलपक्षी

काही देशांत लँडिंगनंतर टाळ्या वाजवतात, तेही मला आवडतं. काही लोक नाकं मुरडतात, पण कोणी आपल्याला सुखरूप आणून सोडलं तर आभार मानण्यात कमीपणा कसला?

आकाशगंगा

उतरताना दारात कोणी डोळ्यांत बघून 'थँक यू' म्हटलं की अख्ख्या दिवसाचा शीण जायचा. अवांतर पुरे. एक राहिलं: काही विचित्र दिसलं तर सांगा. ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ जे ७३७ पडलं, त्याचं डावं इंजिन बिघडलं होतं. कॅप्टनने उजव्या इंजिनात त्रास असल्याची घोषणा केली. डावीकडून ठिणग्या आणि ज्वाळा निघताना काही प्रवाशांनी पाहिल्या होत्या, मागच्या क्रूनेही. कोणी पुढे जाऊन सांगितलं नाही. सगळ्यांना वाटलं, त्यांना माहीत असेल. चांगलं इंजिन बंद केलं गेलं आणि ४७ माणसं गेली.

नकाशा

आकाशगंगांनी सांगितलं ते थेट पहिल्या प्रश्नाला भिडतं. 'वैमानिकाची चूक' एवढ्यावर केगवर्थची फाइल बंद झाली असती तर काय हाती लागलं असतं? तपास करणाऱ्यांनी विचारलं, दोन अनुभवी माणसांना चुकीचं इंजिन बरोबर का वाटलं? मग दिसलं की नव्या मॉडेलवरचं प्रशिक्षण तोकडं होतं, कंपन दाखवणारा काटा इतका छोटा होता की नजर जाईना, आणि केबिन व कॉकपिट यांच्यात बोलणं नव्हतं. या प्रत्येकावर उपाय करता येतो. मेलेल्या किंवा बडतर्फ केलेल्या माणसावर उपाय कसला करणार?

स्पेनच्या तेनेरिफ बेटावरच्या अपघाताचंही तसंच. २७ मार्च १९७७, धुकं, धावपट्टीवर दोन जम्बो आणि ५८३ मृत्यू. केएलएम या डच कंपनीच्या कॅप्टनने परवानगी नसताना विमान सोडलं हे खरं. पण दोन संदेश एकाच वेळी आल्याने रेडिओवर फक्त कर्कश आवाज झाला आणि नेमकं हवं ते ऐकू गेलं नाही, हेही खरं. आणि कॉकपिटमधल्या इंजिनिअरने 'ते विमान अजून धावपट्टीवर तर नाही ना' असं विचारलं, तेव्हा ज्येष्ठ कॅप्टनपुढे त्याचं काही चाललं नाही, हेही. आज कनिष्ठ वैमानिकाला वरिष्ठाला टोकायचं शिकवतात, त्याच्या मुळाशी असे अपघात आहेत.

दोषी शोधायची घाई कुठवर जाते तेही सांगतो. १ जुलै २००२ ला जर्मनीत युबरलिंगेनला दोन विमानं हवेत एकमेकांवर आदळली, ७१ गेले, त्यात बरीच मुलं होती. त्या रात्री नियंत्रण कक्षात एकच माणूस दोन ठिकाणी लक्ष ठेवत होता, फोनची मुख्य लाइन देखभालीसाठी बंद होती. त्याने एका विमानाला खाली जायला सांगितलं, विमानातली टक्कर टाळणारी यंत्रणा त्यालाच वर जायला सांगत होती. २००४ मध्ये बायको आणि दोन्ही मुलं गमावलेल्या एका बापाने त्या नियंत्रकाला त्याच्या घराच्या दारात भोसकून मारलं. त्या बापाच्या दुःखाबद्दल बोलायची माझी लायकी नाही. पण आज विमानं सुरक्षित आहेत ती 'विमानातल्या यंत्रणेचा आदेश जमिनीवरच्या आदेशाहून वरचढ' हा नियम जगभर पक्का झाल्यामुळे.

पारिजात

बराच वेळ लिहू की नको असं चाललं होतं.

माझा मामेभाऊ एका विमान अपघातात गेला. कुठल्या ते लिहीत नाही. कंपनीकडून अधिकृत निरोप यायच्या आधी एका वाहिनीवरून मामाला फोन आला, 'फोटो पाठवता का' म्हणून. मामीच्या फोनवर ओळखीच्या लोकांनीच तो व्हिडिओ पाठवला, खाली हात जोडल्याची चित्रं टाकून. ती आजही अनोळखी व्हिडिओ उघडत नाही.

त्या दिवसांत घरात येणारा प्रत्येक जण वेगळं कारण सांगायचा. कोणी म्हणे वैमानिक झोपला होता, कोणी म्हणे विमानच जुनं होतं. मामा प्रत्येकाचं ऐकून घ्यायचा आणि रात्रभर त्या त्या माणसाला शिव्या देत जागायचा. शेवटचा अहवाल आला तेव्हा आम्ही दोघं टेबलाशी बसून पानन् पान वाचला. समजलं नाही ते एका इंजिनिअर ओळखीच्यांना विचारलं. इतकी वर्षं ज्याच्यावर राग धरला होता त्याने शेवटच्या क्षणापर्यंत काय काय करून पाहिलं ते त्यात सेकंदासेकंदाने लिहिलेलं होतं. मामा पुढे काही बोलला नाही, पण त्या माणसाला पुन्हा कधी शिवी दिली नाही.

सांजवारा, तुमच्या पहिल्या प्रश्नाला एवढंच सांगते: व्हिडिओ पुढे पाठवू नका. आणि घरच्यांना कारणं सांगू नका. डबा घेऊन जा, कागदपत्रांना मदत करा, त्यांच्या लहान मुलांना फिरायला न्या.

रानवाट

पारिजात, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार.

सांजवारा

पारिजात, काय बोलू. तुमचं वाचून धागा काढल्याचं सार्थक झालं.

बातमीदार

माध्यमांवर टीका होतेय ती बरीचशी रास्त आहे, त्या फोटोच्या फोनचं तर समर्थनच होऊ शकत नाही. पण दुसरी बाजू मांडायलाच हवी. अधिकारी तोंड उघडत नाहीत म्हणून अफवांना जागा मिळते. अमेरिकेची अपघात तपास संस्था एनटीएसबी मोठ्या अपघातानंतर रोज पत्रकारांसमोर येते. 'हे सापडलं, हे अजून तपासतोय, कारणाबद्दल आज बोलणार नाही' असं त्यांच्या प्रमुख सांगतात. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनला पोटोमॅक नदीवर प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर धडकून ६७ जण गेले, तेव्हाही तसंच झालं. अहमदाबादच्या प्राथमिक अहवालात कॉकपिटमधला संवाद पूर्ण न देता त्यातला एक प्रश्न आणि त्याचं उत्तर तेवढं आणि तेही आपल्या शब्दांत दिलं. मग लोक त्याचा अर्थ लावणारच. गप्प बसा म्हणणं लोकांना सोपं, पण माहिती द्यायची जबाबदारी ज्यांची आहे त्यांना आधी विचारा.

शंकासुर

+१. आणि कधी कधी दोष खरोखर एका माणसाचा असतो. २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्ज या विमान कंपनीच्या सहवैमानिकाने कॅप्टनला कॉकपिटबाहेर कोंडून, स्वतःसह १५० जण असलेलं विमान आल्प्समध्ये घातलं.

नकाशा

@शंकासुर, तिथेही तपास 'वाईट माणूस' म्हणून थांबला नाही. आजार सांगितला तर नोकरी जाईल, म्हणून वैमानिक मानसिक त्रास लपवतात हे त्यातून पुढे आलं. डॉक्टरांनी त्याला कामाला अयोग्य ठरवलं होतं, पण ते कंपनीपर्यंत पोचलंच नाही. त्यावर काम करायचं की नुसता तिरस्कार करायचा?

@बातमीदार, तुमच्याशी पूर्ण सहमत. तपासाचे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात की तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष वाटणं हा नाही. पण त्याचा अर्थ मौन बाळगा असा होत नाही.

पाना_पक्कड

दोष वाटणं आणि जबाबदारी घेणं यातला फरक हँगरमध्ये कसा दिसतो ते सांगतो. आमच्या अवजारांच्या कप्प्यात प्रत्येक पान्याच्या आकाराची खाच कापलेली असते. शिफ्ट संपताना एक खाच रिकामी दिसली की विमान हलत नाही. एकदा एक अंगठ्याएवढा सॉकेट सापडेना. पॅनेल उघडली, आरसा आणि टॉर्च घेऊन कोपरान् कोपरा पाहिला, तिकडे प्रवासी उशिरावरून काउंटरवर आरडाओरडा करत होते. ज्या पोराच्या हातून तो गेला त्याने स्वतःहून सांगितलं होतं, म्हणून आम्हाला कुठे शोधायचं ते कळलं. शेवटी एका पॅनेलच्या मागे सापडला. आमच्या प्रमुखांनी त्याला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. त्या दिवशी त्याला झापलं असतं तर पुढच्या वेळी कोणी सांगितलं असतं का?

म्हणून उशीर झाला म्हणून ओरडण्याआधी जरा थांबा, ही माझी सगळ्यांना विनंती.

नीलपक्षी

हे वाचून अंगावर काटा आला. उशीर झाला की भांडणाऱ्यांना हे दाखवायला हवं.

शंकासुर

पाना_पक्कड, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून विमानं उडतात, याबद्दल दुमत नाही. माझा राग तुमच्यावर नाहीच. तुम्ही विमान थांबवू शकता तसं मॅक्सच्या वेळी कंपनीतल्या माणसांना थांबवता आलं नाही, त्या व्यवस्थेवर आहे. आणि लोकांनी तेव्हा गप्प बसायचं ठरवलं असतं तर दुसऱ्या अपघातानंतर ती विमानं जगभर जमिनीवर बसवली गेली असती का?

सांजवारा

हा मुद्दा मला पटतो. लायन एअरनंतर बरीच चर्चा वैमानिकांच्या आणि त्यांच्या देशाच्या लायकीवर घसरली होती. तो कोलाहल नसता आणि त्या ऊर्जेने लोकांनी त्या यंत्रणेबद्दल विचारलं असतं, तर कदाचित... असो. बोलायचं की गप्प बसायचं असा प्रश्न मी विचारला होता, पण आता वाटतंय की खरा प्रश्न कधी आणि कशाबद्दल बोलायचं हा आहे.

नकाशा

सांजवारा, नेमकं तेच. एक उदाहरण देतो, ते गेले कित्येक महिने डोक्यातून जात नाहीये.

२२ मे २०१०, मंगळुरू. विमान धावपट्टीवर फार पुढे टेकलं, सहवैमानिक 'गो-अराउंड' (न उतरता पुन्हा वर चला) म्हणत होता, कॅप्टनने ऐकलं नाही. विमान पठाराच्या कडेवरून खाली गेलं, १५८ मृत्यू. टीव्हीवर सगळी चर्चा कॅप्टनच्या झोपेची. चूक त्याची होतीच. पण अहवालात आणखी एक गोष्ट आहे. धावपट्टीच्या पुढे लोकलायझर, म्हणजे उतरणाऱ्या विमानाला मधली रेषा दाखवणारी अँटेना, काँक्रीटच्या बांधकामावर उभी होती आणि विमानाचा पंख तिला आदळला. अशा वस्तू धक्का लागताच मोडून पडतील अशा असाव्यात.

२९ डिसेंबर २०२४, दक्षिण कोरियातलं मुआन. जेजू एअरचं विमान चाकं न उघडता पोटावर उतरलं, घसरत धावपट्टी ओलांडून गेलं आणि लोकलायझरसाठी बांधलेल्या काँक्रीटच्या बांधावर आदळलं. १८१ पैकी १७९ गेले. घसरताना विमान एकसंध होतं, हे जगाने व्हिडिओत पाहिलं.

मंगळुरूचा तो अहवाल तेव्हा लोकांनी वाचला असता, प्रत्येक देशात कोणीतरी 'आमच्या धावपट्टीच्या टोकाला काय आहे' असं विचारलं असतं, तर? आपल्याकडेच ऑगस्ट २०२० मध्ये कोळिकोडला पुन्हा पठारावरच्या धावपट्टीवरून विमान खाली गेलं, २१ जण दगावले. टेबलटॉप धावपट्ट्यांचा धोका दहा वर्षं आधीच कळलेला होता.

पहिल्या २४ तासांत काहीच माहीत नसतं, तेव्हा आपलं सगळं लक्ष तिकडे. वर्षा-दीड वर्षाने सगळं कागदावर येतं तेव्हा एकही वाहिनी नाही, एकही फॉरवर्ड नाही.

बातमीदार

मान खाली घालून मान्य. अंतिम अहवालाची बातमी आतल्या पानावर जाते.

अक्षरवेल

@नकाशा, हे फार महत्त्वाचं आहे. पण सामान्य माणसाने तो अहवाल वाचायचा कसा? शेकडो पानं, सगळी तांत्रिक भाषा.

पाना_पक्कड

शेवटून सुरू करा. अहवाल तपास संस्थेच्या वेबसाइटवर मोफत असतात. आपल्याकडे एएआयबी, अमेरिकेत एनटीएसबी, फ्रान्सचं बीईए. आधी 'सुरक्षा शिफारशी' हा भाग वाचा. प्रत्येक शिफारस कोणाला केलीय ते तिथे स्पष्ट असतं: नियामकाला, विमानतळाला, कंपनीला, की विमान बनवणाऱ्याला. मग 'निष्कर्ष' वाचा. त्यात नुसतं तात्कालिक कारण नसतं, हातभार लावणाऱ्या गोष्टीही असतात, आणि बहुतेक वेळा खरं घबाड तिथेच असतं. अडलं तर इथे विचारा, मी आहे.

शिफारशींचं पुढे काय झालं हे विचारणं मात्र आपल्यालाच करावं लागतं. माहितीच्या अधिकारात, खासदाराला पत्र लिहून, जमेल तसं.

शंकासुर

मी कोळिकोडचा अहवाल उतरवून घेतलाय. शिफारशींपासून सुरू करतो. कोणाला सोबत वाचायचा असेल तर सांगा, शिफारशी वाटून घेऊ आणि प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या शिफारशीचं काय झालं ते शोधू.

पारिजात

मी आहे.

खिडकीशेजारी

मीही. विमानतळाला केलेल्या शिफारशी मला द्या.